झाडाच्या उवा

"कोणाला मारायचंय?"

गिऱ्हाइकाने दुकानाच्या पायरीवर पाय ठेवून "औषध द्या" म्हटलं की काका हा प्रश्न विचारायचे. आवाज चढवून नाही. शिंपी "कोणाचं माप?" म्हणतो ना, तसं. नवीन माणूस दचकायचा. जुने हसायचे आणि आपणहून जाब द्यायला लागायचे.

एक शाळेतल्या बाई गुलाबासाठी आल्या होत्या.

"अहो काका, गुलाबावर मारायचंय."

"गुलाबाला मारायचंय?"

"गुलाबाला कशाला? किड्याला!"

"मग किडा कुठाय? आणलाय?"

"किडा कसा आणू मी?"

"पेशंटला घरी ठेवून डॉक्टरकडे आलात तुम्ही. जा, पान घेऊन या. खालच्या बाजूने बघून आणा, किडा काय पाटी लावून वर बसत नाय."

बाई रागावून गेल्या, पण संध्याकाळी डब्यात पान घेऊन आल्याच. काकांनी पान उलटं केलं, शर्टाच्या खिशातलं दोरी बांधलेलं भिंग डोळ्याला लावलं आणि शीरन् शीर तपासली. मग बाईंना शेजारच्या किराणा दुकानात पाठवलं. "अंगाचा साबण नको, कपड्याचा पण नको. भांड्याचा पातळ साबण घ्या. बादलीभर पाण्यात चमचाभर, ऊन उतरल्यावर मारा. चार दिवसांनी परत. नाय गेला तर मग माझ्याकडे या." आमच्या बी-बियाण्यांच्या आणि फवारणीच्या दुकानातून बाईंनी काहीही न घेता काकांचे आभार मानले. आतून शेठ हे बघत होते.

तुम्ही २०१४ ते २०१६ या काळात डहाणूच्या बाजारात कधी मिरचीचं बी घ्यायला, पंपाचा नळ बदलायला आला असाल, तर तुम्ही काकांना पाहिलेलंच असणार. बारीक अंगाचे, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशात वाळकी पानं. किनाऱ्यावरच्या, वाढवणच्या अंगाच्या एका गावातून सायकलीने यायचे. घरी थोडी चिकूची वाडी होती, भात होता, मागे परसात भाजी होती. नाव मी इथे लिहीत नाही. त्या नावाचं काय झालं ते तेवढं सांगायचंय.

मी हिंगोलीकडची. सातवीत शाळा सुटली. लग्न झालं आणि नवऱ्याला इकडे फुग्याच्या कारखान्यात काम लागलं म्हणून २०१४च्या दिवाळीनंतर डहाणूला आले. तोवर समुद्र पाहिला नव्हता. इथली माणसं निम्मं मराठी, निम्मं गुजराती बोलायची, आणि पाड्यावरच्या बाया बोलल्या की मला अर्धंच कळायचं. मी दुकानात झाडूपोछ्याला लागले. पहिले दोन महिने मी कोणाच्या डोळ्याला डोळा दिला नाही. भीती एकच, काहीतरी चुकेल आणि परत पाठवतील.

काकांनीच मला झाडू ठेवायला लावला. एकदा डबे पुसताना मी एकाच रंगाचे डबे एका ओळीत लावले होते. ते बघून म्हणाले, "बाय, हे तू वाचून लावलंस?"

मी खरं सांगितलं, की मला इंग्रजी येत नाही आणि मराठीही अडखळत येतं. रंग बघून लावले.

"मग तुला अर्धी विद्या आलीच," ते म्हणाले आणि प्रत्येक डब्यावरचा चौकोन दाखवला. चौकोन कोनावर उभा असतो, त्याच्या खालच्या त्रिकोणात रंग असतो. लाल म्हणजे सगळ्यात वाईट, मग पिवळा, मग निळा, हिरवा. "घराच्या मागे दोन वांगी लावणाऱ्याला लाल, पिवळा द्यायचा नाय. मागितला तरी नाय. तो ते वांगं चार दिवसांनी तोडून खाणार. पंधरा दिवस थांब सांगितलं तर 'हां हां' म्हणणार आणि चौथ्या दिवशी खाणारच. वांग्याला कुठे तारीख कळते?"

तिथून मी शिकत गेले. पांढरी बुरशी पावडर टाकल्यासारखी दिसली तर भुरी, तिला गंधक, पण कडक उन्हात नाही, पानं भाजतात. करप्याला मोरचूद आणि चुना, पण आधी रोगट पानं काढून जाळायची. पिठ्या ढेकणाला कापसाचा बोळा आणि धीर. निंबोळीचं तेल कशाला चालतं, कशाला नाही. फुलावर झाड आलं की मधमाशी घरी गेल्याशिवाय काही मारायचं नाही. वाचायलाही मी त्याच डब्यांवर शिकले. माझा पहिला धडा म्हणजे "मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवावे". काका बोट ठेवायचे, मी वाचायचे. चुकलं तर हसायचे नाहीत, नुसतं परत बोट ठेवायचे.

बिल्डिंगमध्ये राहायला आलेले एक साहेब होते, कुठल्याशा कंपनीतून निवृत्त झालेले. "एकदम स्ट्राँग द्या, परत परत नको," म्हणाले.

"झाडं किती?"

"टोमॅटोच्या सहा कुंड्या."

"खाणार कोण?"

"नातू येतो सुट्टीत, त्याच्यासाठी तर लावलेत."

"मग नातवाला विचारून या, स्ट्राँग चालेल का."

साहेब आधी लाल झाले. मग खुर्ची ओढून बसले आणि तासभर काकांशी बोलत राहिले. पुढे दर आठवड्याला यायचे. घ्यायचे काही नाहीत, नुसती पानं दाखवायचे.

तलासरीच्या आठवडे बाजाराला शेठचा टेम्पो बियाणं आणि फवारणीचे पंप घेऊन जायचा. काका आणि मी पाल ठोकून बसायचो. तिथे डहाणूसारखं नव्हतं. पाड्यावरून आलेली माणसं न सांगता पान घेऊन यायची. कोणी कानावर खोचलेलं, कोणी पदराच्या गाठीत, एकाने तर बिडीच्या बंडलात जपून आणलेलं. काका एकेक पान उलटं करत जायचे आणि माणसं वाट बघत उकिडवी बसायची. तिथे "कोणाला मारायचंय?" विचारलं की ती गंभीरपणे किड्याचं वर्णन करायची, जणू गावातल्या चोराबद्दल सांगतायत.

आणि कुठलीही बाटली हातात देताना काका शेवटी म्हणायचेच, "विष आहे. औषध नाय. विष."

यावरून शेठचं आणि त्यांचं वाजायचं. शेठ मनाने वाईट नव्हते, पण त्यांना दुकान चालवायचं होतं. "काका, विष विष शुं करो छो? गिऱ्हाईक भागी जाय छे. दवा बोलो, दवा!"

"शेठ, दवा असती तर डब्यावर कवटी कशाला छापली असती?"

"ए तो कंपनीनी वात. तमे दवा बोलो."

"तुम्ही एक चमचा घेऊन दाखवा, मग मी दवा बोलतो."

शेठ हात जोडायचे आणि आत जायचे. मला हसू यायचं, पण मी तोंडाला पदर लावायचे.

काका असे का होते, हे मी कधी विचारलं नाही. फक्त एकदा, डबा खाताना, मी म्हटलं, "काकींनी आज बोंबील दिलेत, काय वास सुटलाय!" तर ते म्हणाले, "असेल. मला वास येत नाय, बाय. तरुणपणी वाड्यांमध्ये फवारायला जायचो, तोंडाला काही न बांधता. कोणी सांगितलंच नाय. औषध म्हणायचे ना सगळे." मग डब्यात बघून म्हणाले, "बोंबील आहे की भेंडी ते तोंडात घातल्यावर कळतं." जेवायच्या आधी ते तीनदा हात धुवायचे. पहिल्यांदा धुताना बोटं थरथरायची ती तिसऱ्यांदा धुतानाही थरथरायची.

आता त्या शब्दाचं सांगते.

आमच्याकडे कपाशीवर मावा पडतो. बारीक काळे-हिरवे किडे शेंड्याला चिकटून रस पितात. माझी आई त्याला "कपाशीच्या उवा" म्हणायची. इकडे तसं कोणी म्हणत नाही. एकदा एका म्हाताऱ्या बाईला "मावा" म्हणजे काय ते काही केल्या कळेना. तेव्हा मी घाबरत घाबरत म्हटलं, "आजी, झाडाच्या उवा समजा. डोक्यात असतात तशा." म्हातारी खळखळून हसली आणि तिला सगळं कळलं. काकाही हसले. "हे बरं आहे. आमचं मावा-बिवा पुस्तकातलं. आजपासून हेच सांगत जा." त्या दिवशी मी नवऱ्याला तीनदा ती गोष्ट सांगितली. डहाणूत आल्यापासून पहिल्यांदा माझ्या गावचं काहीतरी इथे उपयोगी पडलं होतं.

२०१६ची थंडी. वाल फुलावर, शेंगांवर होता आणि मावा सगळीकडे. काका जो येईल त्याला साबणाच्या पाण्यावर पाठवत होते. शेजारच्या किराणावाल्याने एक दिवस गमतीत शेठना ऐकवलं, "तमारा काका मारा सेल्समन छे." म्हणजे तुमचे काका माझाच माल खपवतात. शेठना ते लागलं. संध्याकाळी मला एकटीला बोलावून म्हणाले, "काका जुने आहेत, त्यांना मी काही बोलू शकत नाही. तू तरी नीट विक. औषध म्हण, बाटली दे. नाहीतर मला दोन माणसं ठेवून काय फायदा?"

दोन माणसांतलं कुठलं जाणार, हे मला सांगायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी काका काकींना डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. शेठ जेवायला गेले होते. गंजाडच्या पलीकडच्या एका पाड्यावरची बाई आली. माझ्याच वयाची, पायात काही नाही, हातात वालाची शेंग. शेंग काळी झाली होती.

"काय बसलं हाय हे? कुंपणाला एक वेल हाय माझा, सगळा असाच झाला."

"मावा आहे. झाडाच्या उवा समज," मी म्हटलं.

ती हसली. "उवा? झाडाला पन व्हतात?" मग म्हणाली, "दे मंग उवांचं औषध."

मला माहीत होतं, एका वेलाला साबणाचं पाणी पुरे. मला हेही माहीत होतं, बाटली देताना काय म्हणायचं. मी फळीवरची सगळ्यात लहान बाटली काढली. खालचा त्रिकोण पिवळा होता. पाण्यात किती घालायचं, शेंगा किती दिवस तोडायच्या नाहीत, सगळं सांगितलं. नीट सांगितलं. आणि तिच्या हातात देताना म्हटलं, "हे घे. उवांचं औषध."

विष म्हटलं नाही.

चौथ्या दिवशी सकाळी ती परत आली. बरोबर नवरा होता आणि त्याच्या खांद्यावर नऊ-दहा वर्षांची मुलगी, डोक्याला फडकं गुंडाळलेली. ते रिक्षा करून पाड्यावरून सरळ दुकानात आले होते. वाटेत दवाखाना लागतो, तो मागे टाकून. कारण औषध आमच्याकडून नेलं होतं, तर बघायचंही आम्हीच.

"ताय, काल सांजचं उवांचं औषध लावलं तेलात घालून. वालाच्या झटक्यात मेल्या, म्हनून लावलं. पोरगी रातीपासून कशी करते बघ."

रिक्षावाल्यालासुद्धा वास येत होता. एकट्या काकांनाच येत नव्हता. त्यांनी विचारलं, "काय लावलंस?" बाईने माझ्याकडे बघितलं. मी फळीवर बोट दाखवलं.

काकांनी मुलीची पापणी वर केली. तोंडातून लाळ गळत होती, हातापायाला बारीक झटके येत होते. ते एवढंच म्हणाले, "साबण. पाणी. कात्री." दुकानाच्या नळाखाली त्यांनी तिला माझ्या मांडीवर धरायला लावलं, पाकिटं कापायच्या कात्रीने तिचे केस मुळापासून कापले, कपडे काढले आणि डोकं, मान, पाठ साबणाने धुतली, पुन्हा धुतली, पुन्हा धुतली. उघड्या हातांनी. मुलगी जड झाली होती. केस पायरीवर पडत होते. लांब केस होते तिचे. काका धुताना तिच्याशी बोलत होते, "झालं हां, झालं, आता शेवटचं पाणी." मग आपला शर्ट काढून तिला गुंडाळली, मी दाखवलेली बाटली फळीवरून उचलली आणि त्याच रिक्षातून आम्ही सगळे सरकारी दवाखान्यात गेलो. काका उघड्या अंगाने.

डॉक्टरांनी बाटली वाचली आणि लगेच सुया सुरू केल्या. म्हणाले, डोकं धुतलं ते बरं केलं, पण रात्रभर अंगात मुरलंय.

असं काही आलं की दवाखाना पोलिसांना कळवतो. दुपारी एक हवालदार आला. व्हरांड्यात बाई खाली बसली होती, मी भिंतीला टेकून, काका कोणाचीतरी चादर पांघरून.

"बाटली कुठून घेतली?" त्याने बाईला विचारलं.

"दुकानातून."

"दिली कोणी?"

बाईने मान वर केली. तिने माझ्याकडे पाहिलं. मला तो क्षण आजही तसाच दिसतो. तिच्या डोळ्यात राग नव्हता, नुसती ओळख होती.

"मी दिली," काका म्हणाले. "दुकानात विकायला मीच असतो. उवांचं औषध म्हणून दिली. माझी चूक."

हवालदाराने त्यांच्याकडे नीट बघितलं. तोही आमच्याकडे येऊन गेलेला होता, कधीतरी जास्वंदीसाठी. "काका, तुम्ही? तुम्ही तर विष म्हणता ना सगळ्यांना?"

"त्या दिवशी औषध म्हटलं."

"बाई, यांनीच दिली?"

बाईने मान खाली घातली. त्याने लिहून घेतलं.

तो गेल्यावर मी म्हटलं, "काका, मी जाऊन सांगते."

"गप बस. तुला हिंगोलीला पाठवतील. मला कुठे पाठवणार? मी इथलाच आहे."

"पण मी..."

"उवा शब्द तुझा. पण 'हेच सांगत जा' कोणी म्हटलं? मीच ना? मग?" आणि चादर नीट करत म्हणाले, "आता आत जा, तिच्या आईला चहा आणून दे. सकाळपासून तिच्या पोटात काही नाय."

मी गप्प बसले. मला भीती वाटली, हे एक. पण सुटका वाटली, हेही खरं आहे, आणि ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. त्या माणसाचे मी मनात इतके आभार मानले, की आपण काय घेतोय त्याच्याकडून ते मला दिसलंच नाही.

मुलीला पुढे मोठ्या दवाखान्यात नेलं. तिसऱ्या दिवशी पहाटे ती गेली.

मग चौकशी झाली. दुकान काही दिवस बंद राहिलं. उघडलं तेव्हा शेठनी काकांना कायमचं घरी बसायला सांगितलं, आणि मला काकांच्या जागी उभं केलं. काकांना पोलीस ठाण्यात किती फेऱ्या माराव्या लागल्या, मला पुरतं माहीत नाही. बाजारात काय चाललं होतं ते मात्र रोज ऐकू यायचं. "विष विष करायचा म्हातारा, आणि पोरीला औषध म्हणून दिलं." "नाटकं होती सगळी." तो कुंड्यावाला साहेबसुद्धा म्हणाला, "माणूस ओळखता येत नाही बघ." एक पोरगेलासा गिऱ्हाईक रोज विचारायचा, "काय ताई, तुमचे काका आता विचारत नाहीत का, कोणाला मारायचंय?" आणि हसायचा. मी त्याला सुटे पैसे द्यायचे.

दुसरा कोणी असता तर लोक चार महिन्यांत विसरले असते. दुकानात चुका होतात. पण काकांपाशी दुसरं काय होतं? तो एक शब्द होता. तोच त्यांनी हवालदाराला लिहून दिला होता.

मी पुढच्या वर्षी त्यांच्या घरी गेले. मागच्या परसात वाफ्याच्या कडेला बसले होते. पूर्वी रविवारी तिथे गावातली माणसं पानं घेऊन बसलेली असायची, हे मी त्यांच्याच तोंडून ऐकलेलं. त्या रविवारी कोणी नव्हतं. मी विषय काढला तसे ते उठले आणि मला मिरची दाखवायला घेऊन गेले. दोनदा काढला, दोनदा उठले. निघताना म्हणाले, "बाय, वाचन सोडू नकोस." काकी दारात उभ्या होत्या. त्यांनी माझ्या पिशवीत चिकू भरले.

त्या मुलीची आई मला तलासरीच्या बाजारात भेटली. तिला बघून मला पळावंसं वाटलं, पण तीच पुढे आली. टोपलीत करवंदं होती. म्हणाली, "तू औषध म्हनली होतीस."

"हो," मी म्हटलं.

"पोलिसाला मी बोलली नाय."

"का नाही बोललीस?"

"म्हातारा पोरीचं डोकं धूत होता माझ्या. तो बोलला, 'मी दिली'. त्याला खोटा कशी पाडू?" मग करवंदं सारखी करत म्हणाली, "पन तू औषध म्हनली होतीस." आणि टोपली उचलून गेली.

तेव्हापासून दुकानात मी औषधही म्हणत नाही आणि विषही म्हणत नाही. औषध म्हणवत नाही, आणि विष हा शब्द माझा नाही. मी नुसतं "हे घ्या" म्हणते.

२०१९ला काका गेले. आजारी होते, छातीचं काहीतरी. शेठनी दुकानात सांगितलं, "अरेरे, सारा माणस हता, चांगला माणूस," आणि पंख्याखाली बसले. मी पाचव्या दिवशी गेले. पडवीत गावातले सात-आठ पुरुष खुर्च्यांवर बसले होते, कोपऱ्यात टेबलफॅन घरघरत होता. मी आत जाताना कोणीतरी म्हणत होतं, "तसा माणूस चांगला. ते एक पोरीचं झालं तेवढंच." दुसऱ्याने "हां, ते एक" म्हणून मान हलवली.

आत काकी भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी त्यांच्या पायाशी बसले आणि माझ्या तोंडून एकदम निघालं, "काकी, त्या दिवशी काकांनी नव्हती दिली बाटली. मी दिली होती."

काकींनी माझ्याकडे बघितलं. "ठाऊक आहे मला."

"काकांनी सांगितलं?"

"नाय. पोलीस घरी आला होता, बाटली दिली त्या दिवसाची तारीख घेऊन. त्या दुपारी मी डॉक्टरकडे डोळ्यांत थेंब घालून बसले होते, काही दिसत नव्हतं. तीन तास हे माझा हात धरून बसलेले." त्यांनी पदराने नाक पुसलं. "पोलीस गेल्यावर मी यांना म्हटलं, 'तुम्ही तर माझ्याजवळ होता.' तर म्हणाले, 'तुला दिसत कुठे होतं?'"

मी रडायला लागले.

"अडीच वर्षं विहिरीवर, लग्नात, देवळात, जिथे जाईन तिथे ऐकलं मी," काकी म्हणाल्या. "रोज वाटायचं, आज तू येशील. एकदा आलीस तर चिकू घेऊन गेलीस."

"चुकलं माझं, काकी."

"मला काय सांगतेस? मला ठाऊकच होतं." त्यांनी पडवीकडे मान वळवली. "बाहेर बसलेत ना, त्यांना सांग."

मी उठले. उंबऱ्यापाशी पाय अडला, पण मागून काकी बघत होत्या. मी पडवीत गेले. एक खुर्ची रिकामी होती, कोणीतरी ती माझ्याकडे सरकवली. मी बसले नाही.

"मला काकांचं सांगायचंय. त्या पोरीचं," मी म्हटलं.

माझा आवाज फार बारीक निघाला. कोपऱ्यातला एक म्हातारा कानाला हात लावून पुढे वाकला. मग शेजारचा माणूस उठला आणि त्याने पंखा बंद केला.